काकूच्या उसातल्या दूर्वा

नातवंडांनो, तुमच्या आईने कळवले की यंदा तिकडे वसंतात पाऊसच झाला नाही, आणि तुम्ही दोघांनी हौसेने केलेल्या भाजीच्या वाफ्यात रोपांपेक्षा तणच जास्त आहे. जमीन एवढी कोरडी असताना तण येते कुठून, असे तुम्ही तिला विचारलेत. कोरड्या दिवसांत तण सगळीकडे येत नाही. जिथे पाणी असेल तिथेच येते, आणि पाणी आपण पिकालाच घालतो. पावसाळ्यात ते रानभर पसरलेले असते. उन्हाळ्यात सगळे पिकाच्या पायाशी गोळा होते. म्हणून ते लवकर काढावे लागते, रोपे बोटभर आहेत तोवर. उशीर झाला तर पुढे कितीही पाणी घाला, ते तणच पिते.

एवढे लिहून थांबता आले असते. पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे बडोद्याचा एक उन्हाळा उभा राहिला आहे. तो तुमच्या आईलाही मी कधी सांगितलेला नाही. क्रमाने सांगते.

बडोद्यात महाराजांचे राज्य होते आणि माझे वडील सरकारच्या महसूल खात्यात होते. आमचे घर रावपुऱ्यात. आजोबांनी नोकरीच्या अखेरीस निजामपुऱ्याच्या वाटेवर जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता, त्याला आम्ही वाडी म्हणत असू. आता तिथे घरे आणि दुकाने झाली आहेत. तेव्हा दोन आंबे आणि एक विहीर सोडली तर नुसते शेत होते. विहिरीतून बैल कोस ओढत, म्हणजे कातड्याची मोठी मोट, आणि ती जिथे रिकामी होई त्या थारोळ्याशेजारी आजीने फार वर्षांपूर्वी दूर्वांचा एक वाफा केला होता. आमचे कुलदैवत गणपती. पूजेला लागणाऱ्या दूर्वा आपल्या जमिनीतल्याच हव्यात असा तिचा नेम होता. गुजरातेत येऊन घराण्याची दुसरी पिढी झाली होती, बोलण्यात गुजराती शब्द सर्रास येत, पण देवघरात काहीही बदललेले तिला चालत नसे.

धाकटे काका तापाने गेले तेव्हा काकू तिशीच्या आतलीच होती. तिला एकच मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा वेगळा संसार होता, वेगळी चूल होती. आम्ही दोघी बरोबर शाळेत जात असू. मी इंग्रजी शाळेत गेले होते आणि तिला पुढच्या वर्षी तिथेच जायचे होते. माझी जुनी इंग्रजी पुस्तके तिने आधीच मागून नेली होती.

काकांचे वर्षश्राद्ध झाले आणि अमरेलीकडून एक स्थळ सांगून आले. माणूस तिथल्या कचेरीत कारकून होता, बिजवर, पहिलीची दोन मुले पदरात. माझी ही बहीण कायद्याने लग्नाला योग्य झालीच होती. वडिलांना स्थळ बरे वाटले. बापाविना मुलगी, हुंडा मागत नाहीत, आणखी काय हवे?

काकू बैठकीच्या दाराआड येऊन उभी राहिली. मी पलीकडे अभ्यासाला बसले होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"भावोजी, वाडी मला एक साल करायला द्या."

"करायला म्हणजे?"

"ऊस लावते. माहेरी नवसारीकडे आमचा ऊसच होता. मला कळतं त्यातलं."

"उसाला पाणी किती लागतं, ठाऊक आहे ना?"

"विहीर आहे."

"आणि माणसं?"

"मी आहे की."

वडील जरा हसले. वाईट मनाने नाही. मग म्हणाले, "बरं, ऊस गाळून गूळ होईपर्यंत थांबू. वाडीवर तुमच्या दोघींचं भागलं तर मुलगी शिकू दे. नाही भागलं तर मी त्या लोकांना होकार कळवीन आणि वाडी निजामपुऱ्याच्या पटेलांना अर्धेलीनं, निम्म्या पिकावर, देईन. मग तुम्हीही इकडेच जेवायचं, वेगळी चूल नको. कबूल?"

"कबूल."

माघात काकूने ऊस लावला. पेटीतल्या सोन्याच्या पाटल्या मोडून बेणे, म्हणजे लावायच्या उसाच्या कांड्या, आणले, सऱ्या पाडून घेतल्या, निजामपुऱ्याच्या पटेलांची बैलजोडी कोसासाठी ठरवली. सकाळचा स्वयंपाक उरकून ती डोक्यावर पदर घट्ट ओढून पायी वाडीवर जाई. आळीतल्या बायकांना हे नवीन होते. "बडोद्यात आता बायका कोससुद्धा हाकणार म्हणे," असे एकीने तिच्या तोंडावर म्हटले. काकू म्हणाली, "हाकीनही. बैल निदान उलटून बोलत नाहीत."

फाल्गुनात कोंब वर आले. शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही दोघी वाडीवर जात असू. आजूबाजूचे सगळे रान भाजून पिवळे पडलेले, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि मध्ये काकूच्या सऱ्यांतून हिरव्या सुया उभ्या. तण होतेच. थारोळ्यातल्या वाफ्यातून दूर्वा केव्हाच पाटात उतरल्या होत्या आणि पाटाच्या दोन्ही कडांनी सऱ्यांकडे निघाल्या होत्या. देवघरात त्यांना दूर्वा म्हणतात, शेतात हरळी आणि गुजरातीत धरो. काकूने निंदणीला, म्हणजे तण काढायला, गावातल्या बायका सांगून ठेवल्या होत्या. होळी झाली की पहिली निंदणी करायची, असे ठरले होते.

होळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या थोरल्या भावाचे बाळ आजारी पडले. घरातला तो पहिला पणतू, दीड वर्षाचा. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. डॉक्टरांनी हिवतापावरचे कोयनेल दिले, मग आणखी काही दिले, आणि शेवटी वडिलांना अंगणात बाजूला घेऊन बोलले. वडील आत आले तेव्हा त्यांचे तोंड पाहून वहिनीने बाळाला पाळण्यातून उचलून छातीशी धरले.

त्या संध्याकाळी आजीने देवापुढे पाणी सोडून संकल्प केला. बाळाला आराम पडावा म्हणून गणपतीला लक्ष दूर्वा वाहायच्या, आणि त्याही घरच्या जमिनीतल्या.

तुम्ही दूर्वा पाहिल्या असतील, पण वाहिल्या नसाल. प्रत्येक दूर्वा म्हणजे तीन पात्यांचा कोवळा शेंडा. तो नखाने खुडायचा, मूळ उपटायचे नाही. मग एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायच्या. लाख शेंडे गोळा करायचे तर घरातल्या सगळ्या बायकांनी रोज सकाळी बसले तरी दोन-अडीच महिने लागतात. आणि एवढ्या कोवळ्या दूर्वा चैत्राच्या उन्हात मिळणार कुठे? रानातल्या वाळून दोरखंड झाल्या होत्या. कोवळ्या होत्या फक्त काकूच्या पाटाला आणि उसाच्या सऱ्यांत.

दुसऱ्या दिवशी निंदणीच्या बायका खुरपी घेऊन आल्या, तेव्हा आमच्या घरच्या बायका बैलांच्या दमणीतून उतरून दूर्वा खुडायला बसलेल्या होत्या. आजीने निंदणीवाल्यांना पाटाबाहेरच थांबवले. त्यांच्यातली पुढची बाई गोंधळून काकूला म्हणाली, "बेन, आ धरो काढू के ना काढू?"

काकूने आजीकडे पाहिले.

"संकल्प पुरा होईपर्यंत दूर्वेला खुरपं लागायचं नाही," आजी म्हणाली. "ज्या दूर्वांवर मुलाचा जीव टांगलाय त्या कुणी मुळासकट उपटतं का?"

"सासूबाई, पाटातल्या राहू देते. सऱ्यांतल्या तेवढ्या काढते. आता काढल्या नाहीत तर ऊस दबेल."

"पाटातल्या किती दिवस पुरतील?"

"मग घरी मागच्या दारी वाफा करू. मी करते. आठ दिवसांत फुटतील."

"मोरीच्या पाण्यावरच्या दूर्वा वाहू देवाला? धाकटे, तुला उसाची पडलीय. मला पोराची."

 वहिनी उठून काकूजवळ आली. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते. ती एवढेच म्हणाली, "काकू, होऊ द्या ना हो एवढं."

काकूने निंदणीवाल्या बायकांना परत पाठवले. मग ती स्वतः दूर्वा खुडायला खाली बसू लागली, तशी आजी म्हणाली, "तुझा हात नको गं याला. तू पाणी बघ." विधवेच्या हातच्या दूर्वा आजीला संकल्पाला नको होत्या. काकू उठली, पदराला हात पुसले आणि पाटाकडे गेली.

त्या दिवसापासून तोच क्रम सुरू झाला. सकाळी बायका शेंडे खुडून नेत आणि संध्याकाळी काकू पाणी देई. शेंडे खुडल्याने हरळी कमी होत नाही. एका शेंड्याच्या जागी चार फुटतात. आणि जमिनीखाली तिच्या मुळ्या, ज्यांना आम्ही काशा म्हणत असू, त्या तर वर काही दिसायच्या आधीच पसरलेल्या असतात. रोज खुडून आणि रोज पाणी घालून आम्ही ती जोपासत होतो. रामनवमीपर्यंत सऱ्यांचा तळ दिसेनासा झाला. वैशाख लागला तसे विहिरीचे पाणी खाली गेले. कोस अर्धा भरून येऊ लागला. त्यातले निम्मे पाटातल्या हरळीत जिरे आणि उरलेले सऱ्यांत. ऊस दोन सऱ्यांपुरताच हिरवा राहिला. बाकीच्यांची पाने दुपारी सुरळी होऊन मिटत, आणि पुढे पुढे सकाळीही उघडेनात.

घरी बाळाचा ताप दोन दिवस उतरे, सगळ्यांची तोंडे जरा सैल होत, आणि मग तो पुन्हा भरे. ताप भरला की कोणाचे काय चुकले याचा शोध सुरू होई. कोणी जुडी मोजताना चुकले का, कोणी बाहेरची असताना शिवले का. एकदा आजी काकूला सर्वांसमोर म्हणाली, "तुझ्या मनात किंतू आहे ना, तोच आड येतोय."

माझी आई सहसा सासूपुढे बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "तिनं पाणी घातलं नसतं तर दूर्वा कुठून आणल्या असत्या?" आजी पुढची जुडी मोजू लागली.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच वाडीवर गेले. माझी बहीण बाळाजवळ बसली होती. काकू सरीत गुडघ्यांवर बसलेली दिसली. हातात खुरपे होते. तिने जवळजवळ अर्धी सरी मोकळी केली होती, आणि काशांचा पांढरा गुंताडा शेजारी ओढून टाकला होता. उसाचे एक बेटही तिने उकरून पाहिले होते. बेण्याच्या कांडीभोवती काशा सुतळीसारख्या गुंडाळल्या होत्या, पण कांडीचा डोळा अजून जिवंत होता.

"बघ," ती मला म्हणाली. "मेला नाहीये. आत्ता मोकळा केला, दोन पाणी दिली, तर उठेल."

मला फार आनंद झाला. मीही बसून हाताने ओढू लागले.  थोड्या वेळाने आमचा गडी धावत आला. थोरल्या दादांनी पाठवले होते. बाळाला आचके आले होते, आणि मला ताबडतोब घरी बोलावले होते.

 मग काकूने काय केले, ते सांगते. तिने त्या उपटलेल्या काशा ओंजळीने उचलल्या, सरीत परत ठेवल्या आणि त्यांच्यावर माती सारली. शेवटपर्यंत. उसाचे उकरलेले बेट त्यांच्याखाली गेले. मग थारोळ्यात उरलेले पाणी घागरीने आणून तिने त्यांच्यावर घातले.

"काकू, हे काय करतेस?"

"आज काही झालं, तर मी उपटल्या म्हणून झालं असं होईल."

"असं काही होत नसतं. आम्हाला शाळेत..."

"तुमच्या शाळेत खरं असेल ते. घरात मला राहायचंय. आणि..." तिने रिकामी घागर खाली ठेवली.  "आणि खरंच तसं असलं तर, पोरी? एक वेळ ऊस परत लावता येईल."

पण ऊस परत लावता येणार नव्हता, हे तिलाही माहीत होते. बेण्याला मोडायला दुसऱ्या पाटल्या नव्हत्या, आणि वडिलांनी मान्य केले होते ते एकच साल.

बाळ त्या दिवशी वाचले. आचके थांबले, आणि वैशाखाच्या अखेरीला ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. लक्ष दूर्वा त्याच सुमारास पुऱ्या झाल्या. आजीने ब्राह्मण जेवायला घातले, आळीत पेढे वाटले. दूर्वांनीच पोर वाचले, असे सगळे म्हणत. नाही वाचले, असे मी कशावरून म्हणू? डॉक्टरांनाही सांगता आले नसते. ते बाळ म्हणजे तुमचे बडोद्याचे मामा, जे दरवेळी विमानतळावर तुम्हाला घ्यायला येतात आणि सामान उचलू देत नाहीत. त्यांना यातले काही ठाऊक नाही.

संकल्प पुरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काकूने निंदणीच्या बायका बोलावल्या. त्यांनी खुरपी मारली, मग कुदळी घेतल्या. हरळीचा थर सतरंजीसारखा उचलून येत होता आणि त्याच्याबरोबर ऊसही. दोन सऱ्यांतला ऊस जगला, तो पुढे मुलांनी खायला मोडून नेला. गुऱ्हाळाला न्यावा एवढा नव्हताच.

वडील एका सकाळी स्वतः वाडीवर जाऊन पाहून आले. मी आणि आई स्वयंपाकघरात होतो. काकू दाराशी आली. वडील म्हणाले, "मी थांबलो असतो. पण यात थांबण्यासारखं काही दिसत नाही."

"नाही," काकू म्हणाली.

"तण फार माजलं."

"हो."

आई मध्येच म्हणाली, "कुणामुळे माजलं, तेही विचारा."

वडिलांनी वर पाहिले. आजी देवघरात जप करत होती. तिचा आवाज ऐकू येत होता. बाळ ओट्यावर वाटी आपटत होते.  ते अन्यायी माणूस नव्हते. काकूने तोंड उघडून सांगितले असते, तर त्यांनी आणखी एक साल दिले असते असे मला आजही वाटते. काकूने आईचा हात दाबला आणि म्हणाली, "भावोजी, कळवा तुम्ही अमरेलीला."

नंतर आईने तिला फार बोल लावले. "जीभ टाळ्याला चिकटली होती का तुझी? तुझी पोर आहे ती!"

"काय सांगू, जाऊबाई? बाळ जगलं त्याची भरपाई द्या, असं म्हणू?"

वाडी पटेलांकडे गेली. त्यांनी पुढचा उन्हाळाभर ती पडीक ठेवली, खोल नांगरली, काशा वेचून उन्हात वाळवल्या आणि ढीग करून जाळल्या. थारोळ्याशेजारचा वाफा मात्र आजीच्या शब्दाखातर ठेवला. मागच्या खोल्यांतली चूल मोडली आणि काकू आमच्याकडे स्वयंपाक करू लागली. मार्गशीर्षात लग्न झाले. माझी बहीण अमरेलीला गेली त्या सकाळी माझी इंग्रजी पुस्तके तिने फडक्यात बांधून माझ्या टेबलावर ठेवली होती, पाने न दुमडता. मी ती तिला परत देऊ केली. "तिथे कोण वाचणार, ताई? मुलं फाडतील," ती म्हणाली. ती मुले म्हणजे त्या माणसाची. त्यातली मोठी मुलगी तिच्याहून थोडीच लहान होती.

बाळाची मुंज आठव्या वर्षी झाली. तेव्हा मी कॉलेजात होते. आजी फार थकली होती, पण पाटावर बसून सगळे पाहत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला लक्ष दूर्वांची गोष्ट सांगत होती. अमरेलीहून माझी बहीण आली होती. तिच्या कडेवर मूल होते, दुसरे पोटात, आणि तिचे हात काकूच्या हातांसारखे दिसू लागले होते.

मुंज लागल्यावर बटूने सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे असते. मुंडण केलेले ते कोवळे डोके घेऊन तो एकेकापुढे वाकत स्वयंपाकघरात आला. काकू पुरणपोळ्या लाटत होती. तिने हात पुसले, त्याच्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाली, "शंभर वर्षांचा हो, बाळा." ती नुसते म्हणायचे म्हणून म्हणाली नाही. मी शेजारीच होते. तिचा आवाज मला कळत होता.

मग तो वळला. चुलीपाशी माझी बहीण बसली होती, त्याची आत्या. तो तिच्यापुढे वाकायला गेला. ती उठली, कडेवरच्या मुलाला सावरले आणि मागच्या दाराने अंगणात निघून गेली. तो मुलगा वाकलेलाच राहिला. मग सरळ होऊन त्याने आमच्याकडे पाहिले, आपले काय चुकले म्हणून. काकूने त्याच्या हातावर गरम पोळीचा तुकडा ठेवला आणि त्याला बाहेर पाठवले.